अंगण कधी कधी खरेच वाकडे असते

– एक विद्यार्थी, बी. कॉम., दुसरे वर्ष

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम चालू होता. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच माझ्या गिटारची दुसरी तार उतरली. मी घाईघाईने खुंटी पिळली, तर ती जास्त चढली. गायिका बिचारी एकीकडे, मी दुसरीकडे. मागच्या बाकांवरून काय काय आवाज आले ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. गाणे कसेबसे संपले. खाली उतरल्यावर मी म्हणालो, "गिटारच खराब आहे." त्यावर कन्नड विभागातला माझा मित्र हसत म्हणाला, "कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळंते." जिला नाचता येत नव्हते ती म्हणे जमीनच वाकडी आहे. आपल्या मराठीत त्याचे सख्खे भावंड आहेच : नाचता येईना, अंगण वाकडे.

दोन भाषांनी एकाच वेळी दोषी ठरवल्यावर माणसाने गप्प बसावे हे उत्तम. मीही बसलो. परंतु ती म्हण डोक्यातून जाईना. अंगण वाकडे असूच शकत नाही काय? आणि असेल, तर ते सरळ करायला किती पैसे लागतात? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे दुसरा प्रश्न मला जास्त छळू लागला. त्या प्रश्नाच्या मागे लागून वर्षभरात जे अनुभवले, ते वाचकांपुढे ठेवतो आहे. मी मोठा वादक नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझी गिटार मी बारावीनंतर घेतली. दोन मे महिन्यांच्या सुट्ट्यांत एका घाऊक दुकानात हिशेब लिहिण्याचे काम केले आणि त्या पैशांतून सात हजारांची इलेक्ट्रिक गिटार व दीड हजारांचा छोटा ॲम्प्लिफायर आणला. कंपनीचे नाव देत नाही. या किमतीत कमीअधिक फरकाने सगळीकडे हेच मिळते. रंग मात्र असा झकास, की आठवडाभर मी ती वाजवण्यापेक्षा पुसतच अधिक होतो.

माझ्याबरोबर गल्लीतल्या आणखी तिघांनी त्याच सुमारास तशाच गिटारी घेतल्या. सहा महिन्यांत तिघांच्याही माळ्यावर गेल्या. "बोटं कापतात," "सूर लागत नाही," "आपल्याला जमण्यातलं नाही," अशी तिघांची कारणे. घरच्यांनी एकच कारण सांगितले : चिकाटी नाही. त्या वेळी मलाही ते पटले होते. आज पटत नाही.

संमेलनानंतर महिनाभराने एक योग आला. बेंगळूरला नोकरी करणारा माझा आतेभाऊ कंपनीच्या कामासाठी परदेशी निघाला आणि जाताना आपली गिटार आमच्या घरी ठेवून गेला. अमेरिकेत बनलेली, किंमत एक लाख नव्वद हजार. म्हणजे माझ्या गिटारच्या सुमारे सत्तावीस पट! दादा म्हणाला, "नुसती ठेवू नको, वाजवत राहा." आईने मात्र ती पेटी कपाटावर, उंदीर पोचणार नाही अशा जागी ठेवली, आणि दोन दिवस मला हात लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी ती हातात घेतली तेव्हाचा अनुभव प्रामाणिकपणे सांगतो. मला रडू यायचे बाकी होते. जो स्वरमेळ माझ्या गिटारवर दीड वर्ष दात विचकत होता, तो पहिल्या फटक्यात स्वच्छ लागला. बोट ठेवले की सूर निघत होता. दाबावे असे लागतच नव्हते. तासभर वाजवूनही तारा उतरल्या नाहीत. त्या रात्री मी दोन निष्कर्ष काढले. पहिला, माझे अंगण खरोखर वाकडे होते. दुसरा, मला अशीच गिटार हवी. पहिला निष्कर्ष बरोबर होता. दुसरा चुकीचा होता, पण ते कळायला दोन महिने लागले.

दरम्यान मी चौकशी करून आलो. दादाच्या गिटारपेक्षा थोडी खालची, एक लाख दहा हजारांची मिळत होती. हप्त्यांची सोय होती : दरमहा पाच हजार दोनशे, चोवीस महिने. कागदावर गुणाकार केला, एक लाख चोवीस हजार आठशे. व्याजाचे चौदा हजार आठशे दिसत असूनही मी मनातल्या मनात ते "गुंतवणूक" या खात्यावर टाकले. आमचे अप्पा उद्यमबागेत एका कारखान्यात टर्नर आहेत. मी त्यांना विचारले. ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "ओव्हरटाईम करीन की. फक्त पुढल्या साली ताईची पी.यू.सी.ची फी आहे, तेवढं बघून घे." नाही म्हणाले असते तर बरे झाले असते. मी भांडलो तरी असतो.

त्या उत्तराने मला ते दोन महिने नीट वापरायला लावले. एवढे पैसे मागायचे, तर ते नेमके कशाचे, हे तरी कळायला हवे.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज कसा निघतो? तारांच्या खाली पिकअप नावाची डबी असते. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली, की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते. ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. सतारीसारखा इथे भोपळा घुमत नाही. म्हणून लाकूड कोणते याला, निदान भर कार्यक्रमात, लोक समजतात तेवढे महत्त्व नसावे असे माझे मत झाले आहे. पिकअप आणि ॲम्प्लिफायर यांचा वाटा मोठा.

मग मी एक साधा प्रयोग केला. दोन्ही गिटारींना एकाच जातीच्या नव्या तारा लावल्या. दोन्ही एकाच ॲम्प्लिफायरला जोडल्या. मित्रांना भिंतीकडे तोंड करून बसवले आणि दोन्हींवर तेच तुकडे वाजवले. दर तुकड्याआधी माझी गिटार पुन्हा सुरात लावून घेतली. सहा जण होते. त्यांपैकी चौघांनी माझ्या सात हजारांच्या गिटारलाच "ही महागडी" म्हणून शिक्का मारला! तो कन्नड विभागातला मित्र त्या चौघांत होता, हे नमूद करताना मला थोडा आनंद होतो.

हा माझ्या खोलीतला पोरखेळ झाला. पण व्हायोलिनच्या बाबतीत असा प्रयोग शास्त्रशुद्ध रीतीने झालेला आहे. 2010 साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे 21 व्हायोलिनवादकांना काळे चष्मे घालून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी होती आणि तीन अठराव्या शतकाच्या आसपासची, जगप्रसिद्ध इटालियन कारागिरांची, अफाट किमतीची. जुने कोणते आणि नवे कोणते, हे बहुतेकांना ओळखता आले नाही. सर्वांत जास्त पसंती एका नव्या वाद्याला मिळाली आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला. हे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले.

मात्र माझ्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग सांगितला नाही तर तो लबाडपणा ठरेल. ऐकणाऱ्यांना फरक कळला नाही. मला वाजवणाऱ्याला डोळे मिटूनही क्षणात कळत होता. कानाला नव्हे, हाताला. माझ्या गिटारवर पडद्यांची टोके तळहाताला खरवडत होती. तारा पडद्यांपासून इतक्या उंच होत्या, की त्या दाबताना ताणल्या जाऊन सूरच वर चढे. म्हणजे मी बोट बरोबर ठेवूनही बेसूर होतो! वरच्या टोकाला, जिथे तारा खाचांतून खुंट्यांकडे जातात, त्या 'नट' नावाच्या पट्टीच्या खाचा अरुंद होत्या. तार तिथे अडकायची आणि अवेळी सुटायची. संमेलनात ती तशीच सुटली होती.

तेव्हा जास्तीचे पैसे प्रामुख्याने आवाजाचे नव्हते. ते कुणीतरी शेवटचे काही तास त्या वाद्यावर बसून कानस फिरवल्याचे होते. आज लाकूड यंत्रे कापतात. स्वस्त गिटारचेही कापकाम बहुधा ठीक असते. किंमत खाली आणायची म्हणून जे गाळले जाते, ते शेवटचे हातकाम.

हे मला पुस्तकात वाचून नव्हे, मिरजेला पटले. नातेवाइकांकडे गेलो असता मी तंतुवाद्यांच्या गल्लीत जाऊन बसलो. सतार-तंबोऱ्यांची ही कारागिरी तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ती उभी केली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. एक वयस्क कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडीवर किंचित घासायचे, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. तासभर हेच. मी विचारले, "चाचा, एवढ्यानं किती फरक पडतो?" ते म्हणाले, "जवारी बंद असली तर लाखाचा तंबोरा पण मुका." माझ्या गिटारला कुणी जवारीच काढून दिली नव्हती!

घरी येऊन हे अप्पांना सांगितले. ते म्हणाले, "आण की ते इकडं, बघू." तोवर त्यांनी त्या गिटारला कधी हात लावलेला नव्हता. त्यांनी पट्टी धरून पाहिली, तारांखाली फिलर गेज सरकवला आणि मला आकडे लिहून घ्यायला लावले. बाराव्या पडद्यावर जाड तार साडेतीन मिलिमीटर वर होती. दादाच्या गिटारवर दोनहून कमी. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ती ॲलन कीने थोडी थोडी आवळून मान सरळ केली. पडद्यांच्या माथ्यावर मार्कर पेनाची शाई लावली आणि सपाट ऑइलस्टोन फिरवला. जिथली शाई आधी गेली तो पडदा उंच, जिथली राहिली तो खोल. सर्वांची शाई सारखी जाईपर्यंत घासले. मग बारीक कानशीने प्रत्येकाला पुन्हा गोलाई दिली, टोके मारली. नटची पट्टी हाडाची आणून बसवली आणि खाचांत पेन्सिलीचे शिसे घासले, म्हणजे तार सरकती राहते. असे तीन रविवार गेले.

खर्च : तारांचा संच साडेसहाशे, नटची पट्टी तीनशे, कागद-शिसे वगैरे दीडशे. एकूण अकराशे. अप्पांचे तीन रविवार यात धरलेले नाहीत. परिव्यय लेखाशास्त्राच्या पेपरात मी असा हिशेब लिहिला असता तर गुण कापले गेले असते, आणि ते योग्यच झाले असते. कारण खरी वस्तू तीच होती. ज्याचे वडील टर्नर नाहीत, त्याने काय करावे?

आता गिटार सुरात राहते. दादाच्या गिटारएवढी नाही. तिच्या खुंट्या अजून सैल आहेत, पिकअपमध्ये गुणगुण जास्त आहे, आणि पुन्हा विकायला काढली तर दीड हजारसुद्धा यायचे नाहीत. महाग गिटारमध्ये काहीच नसते असे मी म्हणत नाही. जो रोज रात्री कार्यक्रम करून पोट भरतो, त्याच्यासाठी चार तास सुरात राहणे हीच कमाई. त्याने ती जरूर घ्यावी. पण अर्थशास्त्रात आपण घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकतो. तो इथे डोळ्यांनी दिसतो. सात हजारांवरून पंचवीस हजारांवर गेले की वाद्य बदलते. पंचवीस हजारांवरून दोन लाखांवर गेले की बरेचसे नाव बदलते.

गंमत अशी, की या वाद्याचा जन्मच स्वस्ताईतून झाला. 1954 साली आलेली आणि आज मानाची समजली जाणारी स्ट्रॅटोकास्टर लिओ फेंडर यांच्या कारखान्यातली. ते रेडिओदुरुस्ती करणारे गृहस्थ. स्वतः गिटारवादक नव्हते. गिटारची मान सरसाने चिकटवण्याऐवजी त्यांनी ती चार स्क्रूंनी बसवली, म्हणजे कारखान्यात झटपट जोडता यावी आणि बिघडली तर बदलता यावी. पुढे जपानी नकलांनी बाजार खाल्ला, तेव्हा 1982 साली त्याच कंपनीने 'स्क्वायर' या नावाने स्वतःच स्वस्त गिटारी काढल्या. ज्या वाद्याचा मोठेपणा सुटसुटीतपणात होता, त्याची आपण देव्हाऱ्यात बसवण्याची मूर्ती करून टाकली आहे.

कुणी म्हणेल, चांगल्या वाद्याने हुरूप येतो, त्याचे काय? हुरूप येतो हे मी नाकारत नाही. पण ब्रायन मे यांचे उदाहरण पाहा. 'क्वीन' या इंग्रजी वाद्यवृंदाचे हे गिटारवादक. त्याच वृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पांचगणीच्या शाळेत शिकलेले. मे यांना विद्यार्थिदशेत नामांकित गिटार परवडत नव्हती. म्हणून 1963 साली त्यांनी वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, पडद्यांमधल्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या. दोन वर्षे लागली. 2002 साली इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर त्यांनी हीच गिटार वाजवली. मात्र या गोष्टीचा अर्थ "साधन कसलेही चालते" असा कुणी लावू नये. ते साधन स्वस्त होते, पण निष्काळजीपणे केलेले नव्हते. बाप-लेकांनी त्यात दोन वर्षांचे हात घातले होते.

म्हणून माझे म्हणणे दोन्ही बाजूंना रुचणार नाही असे आहे. जे म्हणतात, "रियाज कर, वाद्याला नावे ठेवू नको," त्यांना मी सांगेन, की आधी त्याचे वाद्य एकदा हातात घेऊन बघा. गरीब मुलाच्या हाती वाकडे साधन द्यायचे आणि मग त्याच्या चिकाटीचे मोजमाप करायचे, हा न्याय नव्हे. माझे तीन मित्र आळशी नव्हते. त्यांना दर सुराला खोटे उत्तर मिळत होते, आणि त्यांनी ते खरे मानले. त्यांचे प्रत्येकी सात हजार वाया गेले हे मोठे नुकसान नव्हे. "आपल्याला जमण्यातलं नाही" हे वाक्य ते आता कायमचे घेऊन फिरतात, हे मोठे. आणि जे माझ्यासारखे हप्त्यांच्या कागदापर्यंत पोचले आहेत, त्यांना सांगेन, की थांबा. तुम्हाला हवे आहे ते बहुधा अकराशे रुपयांत आणि एका जाणत्या माणसाच्या तीन रविवारांत मिळण्यासारखे आहे.

यातूनच आमच्या महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागाला एक सूचना करावीशी वाटते. दरवर्षी संमेलनासाठी आपण ध्वनिक्षेपक, दिवे आणि वाद्ये भाड्याने आणतो. तो खर्च एका संध्याकाळी संपतो. त्यातून थोडे वाचवून मध्यम प्रतीच्या दोन गिटारी घ्याव्यात. त्या जाणकाराकडून नीट जुळवून घ्याव्यात, वर्षातून एकदा तपासून घ्याव्यात आणि ग्रंथालयातल्या बुक बँकेप्रमाणे महिना-महिना विद्यार्थ्यांना घरी न्यायला द्याव्यात. हार्मोनियम-तबल्यालाही हाच नियम लावता येईल. मराठी विभागाचा कोण आणि कन्नड विभागाचा कोण, हे गिटारला कळत नाही. नवशिक्याने पहिले सहा महिने सरळ अंगणात काढले, की पुढे विकत काय घ्यावे आणि घ्यावे की नाही, हे तो स्वतःच ठरवील. मोडतोडीची भीती व्यवस्थापनाला वाटेल. पुस्तकांचीही पाने फाटतात, म्हणून आपण ग्रंथालय बंद केलेले नाही.

दादा परत आला आणि गिटार घेऊन गेला. एक-दोन दिवस घर सुने वाटले, हे खोटे कशाला सांगू? हप्त्यांचा कागद मी फाडून टाकला. तसे सांगितल्यावर अप्पांनी "बरं" एवढेच म्हटले. पण पुढच्या रविवारी गल्लीतली, माळ्यावर गेलेली त्या तिघांपैकी एकाची गिटार आमच्या पडवीत आली होती. अप्पा फिलर गेज पुसत बसले होते, आणि तो मित्र शेजारी वही घेऊन आकडे लिहीत होता.

यंदाच्या संमेलनात मी पुन्हा वाजवणार आहे. चुकलो तर या वेळी दोष माझाच असेल आणि तो मी मान्य करीन. नाचणाऱ्याला नावे जरूर ठेवावीत. पण त्याआधी एकदा वाकून अंगण पाहावे, एवढीच विनंती.